मापाची खुर्ची

पापडी गावात आमच्या जुन्या सरपंचांचा फर्निचरचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत ते ग्रामपंचायतीचा कारभार बघत आणि मी तिथला कारकून. समोरच्याचं गाऱ्हाणं ते टेबलाची कड अंगठ्यानं चाचपत ऐकत. ठराव रस्त्याचा असो की विहिरीचा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "लाकूड ओलं आहे अजून. जरा वाळू द्या." रस्ता काही झाला नाही. पुढच्या निवडणुकीत केळीच्या वाडीवाल्या एका ठेंगण्या गृहस्थांनी त्यांना पाडलं.

दुसऱ्याच दिवशी जुने सरपंच करवत घेऊन कचेरीत आले. सरपंचांची खुर्ची त्यांनीच करून दिलेली होती. ती परत न्यायला आले असं वाटून मी दारात आडवा झालो.

"बाजूला हो रे," ते म्हणाले.

खुर्चीत बसलेल्या नव्या सरपंचांचे पाय अधांतरी लोंबत होते. जुन्या सरपंचांनी त्यांना उठवलं, खुर्ची उलटी केली, चारही पाय दोन-दोन बोटं कापले आणि त्यांना पुन्हा बसवलं.

"टेकले?"

"टेकले," सरपंच ओशाळून म्हणाले.

"मग टेकलेलेच राहू द्या. मला नाही जमलं ते."

आणि खाली पडलेला भुसा ते स्वतःच झाडू लागले.