कबुली तिची होती

तुम्हाला आता जे सांगते ते मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, तिला तर बिलकुल नाही. दोन-तीनदा पार ओठावर आलं. मंग कुणी चहा आणला, कुणाचा फोन वाजला, आणि मी सुटले. खोटं कशाला बोलू? फोन वाजला नसता तरी सुटायला मी दुसरं काहीतरी शोधलंच असतं.

नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मी नोकरी करते. शेतकऱ्यांच्या प्लॉटवर जायचं, बी शुद्ध निघंल का बघायचं, गडबड दिसली तर प्लॉट नापास करायचा. लोक वचकून असतात. ‘ह्या मॅडमपुढं लपवाछपवी चालत न्हाई,’ असं माझ्या माघारी म्हणतात. ते माझ्या कानावर येतं — आणि काय सांगू, आधी आधी बरंसुद्धा वाटायचं!

ही नोकरी मला एका उत्तरावर मिळाली. ते उत्तर माझं नव्हतं.

थांबा, असं मधूनच नको. आधी कविताचं सांगते.

कविता आणि मी, दोघी वडीगोद्रीच्या. एका गल्लीतल्या, शाळेत एका बाकावरच्या. माझ्या घरी निदान मेंढरं तरी होती, तिच्या घरी तेही नाही. सुट्टीत आम्ही नानांच्या कपाशीवर कामाला जायचो. नाना म्हणजे गावातले एक तापट शेतकरी, कंपनीसाठी बियाणं करायचे. तिथलं काम नाजूक. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी सोलायची, आतला नराचा भाग नखानं काढून टाकायचा, आणि सकाळी तिच्यावर दुसऱ्या जातीचं नर फूल फिरवायचं. कळी सोलायची राहिली तर ती आपली आपणच फळते, आणि तिचं बी म्हणजे भेसळ. थोडंसं जरी मिसळलं तरी नानांचा सगळा माल गेला.

एका संध्याकाळी गल्लीत कुणाची तरी हळद होती. आम्हाला नटायची घाई. शेवटच्या दोन ओळी आम्ही तशाच सोडल्या. दोघींनी. ‘जाऊ दे, चल’ म्हणणारी मी होते. सकाळी कविता म्हणाली, नानांना सांगू. मी म्हणाले, “येडी झालीस का? कोणाला कळून राह्यलंय?” ती गेली. एकटीच गेली. बांधावर उभं राहून म्हणाली, नाना, माझ्या हातून दोन ओळी राहिल्या. माझ्या म्हणाली — आमच्या नाही. मी पाठ फिरवून फुलं तोडत होते आणि सगळं ऐकत होते. नानांनी तिचा असा उद्धार केला की बाकीच्या बाया खाली बघायला लागल्या. मंग त्या ओळींतली उमललेली सगळी फुलं त्यांनी तिच्याकडूनच तोडून घेतली, वर त्या दिवसाची मजुरीही दिली नाही. पण माल वाचला. आणि पुढच्या हंगामात नानांनी पहिला निरोप धाडला तो तिलाच.

शिक्षण झालं तशी आम्ही दोघींनी ह्या कंपनीत अर्ज केला. जागा एकच होती. बसमध्ये दोघी एका सीटवर, एकमेकींना प्रश्न विचारत. कपाशीच्या जाती, दोन प्लॉटमधलं अंतर, सगळं पाठ. आमचे सर म्हणाले होते, स्वतःबद्दलही काहीबाही विचारतात. तेव्हा कविता म्हणाली, “तसं इचारलं तर मी नानांच्या प्लॉटचं सांगणार. दुसरं काय हाय आपल्यापाशी?”

ऐकलंत ना? मला माहीत होतं. ती काय सांगणार ते मला चांगलं माहीत होतं.

नंबर तिचा आधी होता. मला भीती वाटून राह्यली, म्हणाले मी — खरंच वाटत होती, ते सोंग नव्हतं. का होतं? आता मलाच नीट सांगता येत नाही. ती म्हणाली, “तू जा आधी. एकदाची मोकळी व्हशील.” शिपायाला तिनंच सांगितलं.

आत एक साहेब आणि एक मॅडम. कपाशीचं जे जे विचारलं ते धडाधड सांगितलं. मंग मॅडमनी चष्मा काढला आणि एकदम सावकाश विचारलं — तुमच्या हातून झालेली अशी एखादी चूक सांगा, जी तुम्ही स्वतःहून कबूल केली.

मी शोधलं. अगदी मनापासून शोधलं हो! चुका हव्या तेवढ्या होत्या, कबूल केलेली एकही नव्हती. आणि पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असंल. नानांचा बांध, ती हळद, त्यांच्या शिव्या — सगळं मी सांगितलं. ‘माझ्या हातून दोन ओळी राहिल्या,’ हे तर जसंच्या तसं. मधेच आवाजसुद्धा खाली घेतला. साहेब खुश. मॅडम मान हलवत होत्या.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत आले की चूक तर माझीपण होती ना? मंग चोरी कसली? पण मॅडमनी चूक विचारली नव्हती. कबुली विचारली होती. चूक दोघींची होती, कबुली तिची एकटीची.

इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असंल, एवढंच ना? मलाही इथंच थांबायला आवडलं असतं.

कविता आत गेली आणि जल्दीच बाहेर आली. तोंड उतरलेलं. सरळ नळावर तोंड धुवायला गेली. तेवढ्यात शिपायानं मला परत आत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, तुमच्या गावच्या मुलीनं हाच प्रसंग सांगितला. हा तुमचा की तिचा?

बघा, किती सरळ विचारलं. दार उघडंच होतं. एक शब्द पुरला असता — तिचा. नोकरी गेली असती, दुसरं काय झालं असतं? मी म्हणाले, “माझा हाय मॅडम. येताना बसमध्ये मीच तिला सांगितल्ता.” आणि वरून म्हणाले — हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं — “तिचा राग धरू नका, घरची परिस्थिती नाजूक हाय तिच्या.”

मोठेपणा! तिच्या नावाला काळं फासताना मी मोठेपणा दाखवून राह्यले होते!

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, “पाठ करून आलीस म्हणले मला. मधीच थांबवलं. मलाच सांगता आलं न्हाई वाटतं.” माझ्यावर शंकासुद्धा नाही. शंका घेतली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर — जाऊ द्या. मी तिच्या हातावर हात ठेवला. तेही केलं मी.

त्यानंतर तिनं कुठंच अर्ज केला नाही. शहागडला दिली तिला. हायवेला नवऱ्याचं टायरचं दुकान आहे, त्याचा सगळा हिशेब तीच बघते. माझ्याकडं येणंजाणं आहे. दिवाळीला साडी देते मी तिला. चांगली देते.

गेल्या महिन्यात ती पोरीला घेऊन आली. पूनम नाव. पोरगी हुशार, डोळे आईसारखे. संभाजीनगरला तिचा इंटरव्ह्यू होता. कविता म्हणाली, “तू एका झटक्यात पास झालती. हिला सांग तिथं काय बोलायचं ते. मी सांगून ठिवलंय, खरं काही सांगू नको. म्या सांगितल्तं, कोणी खरं धरलं न्हाई.”

पूनमनं माझ्याकडं पाहिलं. “मावशी, खरंच असं असतं का हो?”

घरात आम्ही तिघीच होतो. फोन वाजला नाही. कुणी आलं नाही. मी म्हणाले, “आई बराबर सांगून राह्यली.”

मंग मी तिला जवळ बसवलं आणि कबूल केलेल्या चुकीचा एक छानसा प्रसंग रचून दिला. दोनदा तिच्याकडून म्हणवून घेतला. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, तेही शिकवलं. कविता कौतुकानं बघत होती. जाताना चपला घालत म्हणाली, “तू हाईस म्हणून बरं हाय बाई.”

मी तिला सावकाश जा म्हणाले आणि दार लावून घेतलं.