अण्णांच्या उपरण्याखाली

माझ्या वडिलांना पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं आणि आरोपी करून आत टाकलं. फसवलं कोणी, तर कागद लिहिणाऱ्यांनी आणि लिहवून घेणाऱ्यांनी. फसला कोण, तर माझा बाप. हे आधीच सांगून ठेवतो... पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढलंत तरी हा मुद्दा बाजूला पडायला नको.

मी मंचरला कांदा-बटाट्याचा व्यापार करतो. लहानपणी मेंढ्यांमागे फिरलो, आज स्वतःची वखार आहे. जी वस्तू हातात धरून बघता येत नाही ती मी विकत घेत नाही, आणि भूतखेत, करणी, अंगात येणं हे सगळं मी त्याच हिशोबात धरत आलो. माझ्या वखारीच्या दाराला लिंबू-मिरचीसुद्धा नाही.

आता प्रकरण सांगतो. मी शाळेत असताना जुन्नर तालुक्यातल्या एका आठवडी बाजारात तिथल्या पुढाऱ्याचा खून झाला. नाव लिहीत नाही, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मूळचे ते मेंढ्यांचे दलाल, नंतर राजकारणात आले आणि निवडणुकीला उभे राहायच्या बेतात होते. पुढारी झाले तरी बाजारातला सौदा त्यांनी सोडला नव्हता. त्या सकाळी त्यांनी माझ्या वडिलांकडून — आबांकडून — मेंढ्या घेतल्या. दुपारी बाजारामागच्या ओढ्यात त्यांचं प्रेत सापडलं.

पोलीस आले. पंचनाम्याला पंच लागतात, समोर दिसला त्याला धरलं. आबा समोर होते. साहेब म्हणाले अंगठा दे, आबांनी कोऱ्या कागदावर दिला. लिहिता-वाचता न येणारा माणूस, खाकीपुढे काय विचारणार? पुढे त्याच अंगठ्यावर जबाब तयार झाला: सौदा मोडला, भांडण झालं, रागाच्या भरात मारलं.

कोर्टाने संशयाचा फायदा देऊन सोडलं, गावाने नाही सोडलं. आबा चालते-फिरते होते तोवर ते पारावर टेकले की गप्पा बंद व्हायच्या. आता ते अंथरुणाला खिळलेत आणि एकच घोकत असतात, “म्या मारलं न्हाई, येवढं कुनीतरी म्हना रं... मंग मी मोकळा.”

यंदा कळलं, त्या ठाण्यातला जुना मुद्देमाल नष्ट करायचं चाललंय. त्याआधी कागद बघू द्या म्हणून मी अर्ज केला. नकार आला. मी टेबल आपटलं, वकील लावला, कोर्टाची परवानगी आणली आणि जाऊन बसलो.

भर दुपार होती. खिडकी उघडी, बाहेर एसटीचे हॉर्न. मुद्देमालाचं काम बघणाऱ्या हवालदार मॅडमनी गाठोडं टेबलावर सोडलं.

“बघा, पण हात लावू नका भाऊ.”

“मॅडम, हात न लावता मी बटाटासुद्धा घेत नाही.”

“इथं बटाटे नाहीत. गपगुमान बघा.”

कागद वाचले. ‘सौद्यावरून वाद’ हे शब्द तीन-चार पानांवर, आणि खाली माझ्या बापाचा अंगठा. डोकं सणकलं. शेवटी खाकी कागदातली घडी निघाली. वर चिठ्ठी, ‘मयताचे उपरणे’. जुनं, पिवळं पडलेलं, रक्ताचे डाग काळे झालेले. मॅडम रजिस्टर उघडायला वळल्या आणि मी उलटी बाजू बघावी म्हणून घडीखाली उजवा हात घातला.

ज्यांनी मेंढ्यांचा बाजार पाहिला नाही त्यांना सांगतो. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं धरून आकडा सांगतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. समोरच्याची बोटं मिटवून हात मागे लोटला की सौदा मोडला. अख्खा पंजा धरून दाबला की पटला.

त्या उपरण्याखाली माझा हात कोणीतरी धरला.

गरम हात. मांसल, घामेजलेला. माझ्या हाताखाली टेबलाचं लाकूड होतं आणि वर कापड, मध्ये हात मावायला जागाच नव्हती... तरी होता. त्या हाताने माझा अख्खा पंजा धरला आणि दाबला. सोडला. पुन्हा धरून दाबला.

सौदा पटला होता.

भीतीपेक्षा मला राग आला, खरं सांगतो. दातओठ खात मी पुटपुटलो, “मग मारलं कोणी?”

पंजा सुटला. माझी तीन बोटं धरली गेली — पहिलं, मधलं, तिसरं. इतकी घट्ट की कळ खांद्यापर्यंत गेली. मग खाली नुसतं लाकूड.

“काय झालं हो? पांढरे पडलात,” मॅडम म्हणाल्या. “तो हात का चोळताय? मुंग्या आल्या का?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी आबांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील. ते उलटतपासणीच घ्यायला लागले.

“अंगठी व्हती का त्या हातात?”

“होती. मधल्या बोटात.”

“खडा वर का तळव्याकडं?”

आठवलं. पंजा दाबला तेव्हा माझ्या हाताला खडा रुतला होता. “तळव्याकडं.”

आबांनी मान हलवली. “सौद्याला बसला की आन्ना खडा आत फिरवायचा. दुसऱ्या कुनाला ठावं नसंल. हातात हात दिला त्यालाच कळायचं.” मग म्हणाले, “त्या दिशी त्याच्या घरच्या जीपमधनं तीन जन आलं व्हतं त्याच्यासंगं. मेंढ्या मला म्होरं न्यायला लावल्या आन् त्याला वढ्याकडं घिऊन गेलं. म्या समदं सांगितलं व्हतं रं साह्यबाला. तोंडं वळखीची नव्हती.”

मी कागद पानन् पान वाचलेत. जीपचा उल्लेख कुठेही नाही.

हे कसं झालं, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात मनावर ताण होता. असेल. पण ताणाला अंगठीचा खडा कुठल्या बाजूला होता ते कसं कळलं?

‘मारलं कोणी’ याचं उत्तर ज्याच्याकडे असू शकतं तो माणूस मात्र जिवंत आहे. अण्णांचे चिरंजीव दरवर्षी पुण्यतिथीला स्टेजवरून ‘माझ्या वडिलांचा खुनी मोकाट फिरतोय’ म्हणतात आणि लोक माना वळवून आमच्या घराकडे बघतात. साहेब, तुम्ही तेव्हा लहान नव्हता, मिसरूड फुटलं होतं. जीप तुमच्याच दारातून निघाली. त्यात तुमच्या वडिलांबरोबर कोण तिघं बसले होते? नावं सांगा. माझा बाप ऐकू शकतोय तोवर, त्याच्या उशाशी येऊन सांगा.