सासूबाईंची परडी आणि माझे तीन फ्लॅश

हमिंगबर्ड सिंगापुरात नसतो, हे मला त्याच्यासाठी लाल प्लास्टिकचा फीडर मागवल्यानंतर कळलं. तेही मुलीकडून, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत. "बाबा, हिअर व्हेअर गॉट हमिंगबर्ड? दॅट्स अमेरिका, लाह!"

मग मी शिंजिरावर समाधान मानलं. वाकडी चोच, पिवळं पोट, आणि मनात आलं तर हाही फुलासमोर क्षणभर तरंगतो. फीडरमध्ये साखरपाणी भरायला घेतलं तर बायको म्हणाली, "रानपक्ष्यांना खायला घालायला इथे बंदी आहे. पकडलं तर मी तुला ओळखत नाही." फीडर स्टोअररूममध्ये गेला आणि मी जास्वंदीची कुंडी आणली. फूल हाच फीडर! स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश.

घाई होती ती इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीतल्या छायाचित्र-प्रदर्शनाची. मीटिंगमध्ये मी छाती फुगवून सांगून बसलो होतो, "उडत्या पक्ष्याचे पंख थांबवून दाखवतो." बिचाऱ्यांनी दारासमोरची भिंत माझ्यासाठी राखून ठेवली. हातात फोटो एकही नाही.

बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये, कुंडीभोवती तीन फ्लॅश उभे केले. शेजारी पोटं आत ओढून पलीकडे जायचे. फ्लॅश पूर्ण ताकदीवर, कारण जास्त उजेड म्हणजे चांगला फोटो, हे माझं इंजिनिअरी डोकं. प्रत्येक फोटोत पंखांच्या जागी नुसता धूर. ताकद कमी केली की लखलखाट आणखी क्षणिक होतो आणि पंख थांबलेले दिसतात, हे मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं. पण मॅन्युअल वाचेल तो मी कसला!

हे उमगेपर्यंत पुण्याहून सासूबाई आल्या. दुसऱ्या दिवशी चहा संपवून बाहेर जातो, तर झाड बोडकं. फुलं आत, गणपतीच्या डोक्यावर.

"आई, ती फुलं..."

"हो ना! परक्या देशात देवासाठी जास्वंद लावलीत, मला तर बाई भरूनच आलं."

ती देवासाठी नाही, फोटोसाठी, असं सांगणारा जावई अजून जन्माला यायचाय. मी लवकर उठायला लागलो, तर त्या माझ्याहून लवकर. रोज त्यांची परडी भरलेली, माझा कॅमेरा रिकामा. शेवटी फोटो पाठवायची मुदत उद्यावर आली तेव्हा तोंड उघडलं.

"आई, उद्या एक फूल झाडावर राहू द्याल? पक्षी येतो त्याच्यावर."

"अहो जावईबापू, मग आधी नाही का सांगायचं? मी काय राक्षसीण आहे?"

सकाळी नेमकं एकच फूल उमललं. सासूबाई परडी घेऊन माझ्या शेजारी उभ्या.

"त्याचं झालं की काढते," त्या म्हणाल्या. मग विचारात पडल्या. "पण त्याने उष्टं केलेलं देवाला कसं वाहू?"

"भुंग्याचं चालतं ना?"

"भुंग्याचं वेगळं."

वेगळं कसं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. आम्ही थांबलो. पक्षी येईना. सासूबाईंचा एक डोळा फुलावर, एक आत देव्हाऱ्याकडे.

"येत नाही हो तुमचा पाहुणा. पूजा खोळंबलीये," असं म्हणत त्यांनी हात घातला, देठ चिमटीत धरला, आणि त्याच क्षणी शिंजीर आला. मी "आई, हलू नका!" असं ओरडत बटण दाबलं. तिन्ही फ्लॅश उडाले. पक्षीही उडाला.

स्क्रीनवर पाहिलं. पंख थांबलेले, पिसन् पीस मोजून घ्यावं असं. चोच फुलात. आणि फूल सासूबाईंच्या चिमटीत. फोटोतून बोटं कापावीत तर फूल जातं, फूल कापावं तर चोच.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "पक्षी झकास आलाय. पण माझ्या हातात या जुनाट बांगड्या! सांगितलं असतंत तर बदलल्या नसत्या? बोलवा त्याला परत."

नाइलाजाने तोच फोटो पाठवला. प्रदर्शनात सासूबाई दिवसभर दारासमोरच्या भिंतीपाशी उभ्या होत्या, येईल त्याला आधी फोटोतला हात दाखवत, मग स्वतःचा. फोटो कोणी काढला, हे एकानेही विचारलं नाही.