पाळकसाहेब सोडले त्या वर्षीचा उपवासकाळ

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले तेव्हा नकला करायची खोड माझ्यासोबत सासरी आली. माहेरी त्यापायी बोलणी खायचे. सासरी उलटं झालं. सासूबाई म्हणजे बार्शीटाकळीकडच्या खेड्यांतून सुवार्ता सांगत हिंडलेल्या एका प्रचारकाच्या विधवा. दिसायला कडक, बोलायला त्याहून कडक. पण रविवारी उपासनेहून घरी आलं की चुलीपुढं बसून त्या म्हणायच्या, "हं, कर आता पाळकसाहेब."

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, नगरकडचे. भाषा धुऊन वाळत घातल्यासारखी स्वच्छ. प्रवचनात मोक्याच्या शब्दाआधी ते थांबत, टाचा उचलत आणि वर छताकडं पाहत. जणू तो शब्द कौलांत अडकलाय आणि हात पुरला तर काढून घेता येईल. शब्द मिळाला की टाचा खाली. मी हे सगळं साग्रसंगीत करायचे, आणि सासूबाई पदरानं डोळे पुसत हसायच्या. नवऱ्याला हसू आवरलं नाही की तो अंगणात जाऊन सायकल पुसत बसायचा.

साठ-एकसष्टचं साल असेल. ऊन तापायला लागलं होतं. उपवासकाळ म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस. त्याच्या पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, की जे ताटात फारसं येतच नाही ते सोडण्यात मोठेपणा नाही, जिवाला जे आवडतं ते सोडा. आमच्याकडे मटण तसंही क्वचितच शिजायचं, त्यामुळे हे बोलणं आम्हालाच उद्देशून आहे असं मला वाटलं. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता सासूबाईंनी निकाल दिला.

"मी मिसरी सोडतो," त्या म्हणाल्या. "तू पाळकसाहेब सोड."

मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. दात घासायच्या निमित्तानं त्यांची ती दिवसभर चालायची. ती सुटली आणि घरात वणवा पेटला. भाजी अळणी, भाकरी कच्ची, सुनेचं चालणं फार आवाजाचं. मी सगळं सोसत होते, कारण माझ्या मनात एक गोड विचार घर करून बसला होता. यांच्यापेक्षा माझं बरं चाललंय, असा.

मग पाळकसाहेबांनी कवळी बसवली.

ती नवी कवळी प्रत्येक 'स'ला शीळ घालायची. आणि उपवासकाळातल्या प्रवचनात 'स' किती असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. सैतान, संकट, सहनशीलता, क्रूस. बायकांच्या बाजूला मी मान खाली घालून, ओठ दाताखाली धरून बसायचे. देवाला मनापासून विनवायचे, की या माणसाला थोडा कमी गमतीदार कर. लगेच पुढची शीळ यायची. देव माझी परीक्षा घेतोय, आणि घेता घेता स्वतःही हसतोय, असं मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं. त्याआधी देव हसत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

एका दुपारी सासूबाईच ढळल्या. जवळ सरकून त्यांनी हळूच विचारलं, की पाळकसाहेब 'सहनशीलता' कसं म्हणतात, एकदाच करून दाखव. मी डोळे मिटून, फार साध्वीच्या आवाजात सांगितलं की माझा नेम आहे.

"गर्व चढला तुले," त्या म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

ते बोलणं मला लागलं, कारण खरं होतं. मी नक्कल सोडली होती आणि तिच्या जागी गर्व आणून बसवला होता. नक्कल निदान दोघींना हसवायची.

सणाच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मुलं शिंदीच्या झावळ्या घेऊन गात आली, आणि पाळकसाहेब मात्र गालाला रुमाल बांधून. कवळीनं हिरड्या सोलून काढल्या होत्या. दोन दिवसांनी ते आमच्या घरी आले. तोंड उघडवत नव्हतं. तुकड्या-तुकड्यानं त्यांनी सांगितलं, की शुभ शुक्रवारचं, प्रभूला क्रुसावर दिलं त्या दिवसाचं, प्रवचन ते कधी लिहून काढत नाहीत, दर वर्षी तेच असतं, आणि ते मंडळीत एकाच माणसाला पाठ आहे.

"तुम्हाला येतं," ते म्हणाले. "सगळं येतं, असं ऐकलंय."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या तांदूळ निवडण्यात गढून गेल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी मी उभी राहिले तेव्हा चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींतल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाळकसाहेबांनी पुढच्या बाकावरून हात करून त्यांना गप्प बसवलं. माझ्याच आवाजात बोलायचं, असं मी ठरवून आले होते. पहिलं वाक्य झालं आणि पुढचं येईना. पंख्यासारखी हलवलेली गायनाची पुस्तकं तेवढी ऐकू येत होती. मग माझ्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या, नजर कौलांकडं गेली, आणि शब्द तिथं होता. त्यामागचे सगळेच होते. बायकांत कुणीतरी पदर तोंडात कोंबला. पाळकसाहेब रुमालाआडून ओठ हलवत माझ्यासोबत बोलत होते.

क्रुसाखाली उभ्या प्रभूच्या आईपाशी आले, तेव्हा टाचा कधी टेकल्या ते कळलं नाही. मी आमच्या बोलीत बोलत होते. त्या मायले काय वाटलं असंन, असं काहीतरी. पदर कोंबलेलीही आता रडत होती. इतकी वर्षं मी चेष्टा करायला म्हणून जे कान देऊन ऐकलं होतं, ते आत कुठंतरी मुरलं होतं, आणि याचा मला पत्ता नव्हता.

बाहेर पडताना पाळकसाहेबांनी मला थांबवून विचारलं, ते खरोखरच इतके वर पाहतात का. मी हो म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

घरी जाताना ऊन सोसेना म्हणून आम्ही दोघी लिंबाखाली टेकलो. सासूबाई अचानक आपल्या नवऱ्याविषयी बोलू लागल्या. एरवी त्या कधी बोलत नसत. हीच गोष्ट सांगत ते खेडोपाडी बैलबंडीनं फिरायचे, आणि इतकं लांबवायचे की जुंपलेले बैल खाली बसायचे. एकदा तर गाव घरी गेलं आणि ते बैलांनाच सांगत राहिले. हे सांगताना त्या हसायला लागल्या, मीही हसले, आणि मग मी दचकून थांबले. आज प्रभू क्रुसावर गेल्याचा दिवस, याची मी त्यांना आठवण करून दिली.

"हासू दे व," सासूबाई म्हणाल्या. "परवा तो उठूनच राहिला."