धुतलेली पिशवी

आमची कंपनी अधूनमधून फूड बँकेला धान्य देते आणि वाटायला आम्हालाच पाठवते. काल रांगेतल्या एका आजींनी नवी पिशवी घेण्याआधी मागच्या वेळची माझ्यापुढे धरली. तीच, कंपनीचं नाव छापलेली. पण धुऊन घडी घातलेली, आणि आत गवती चहाची जुडी.

"आजी, पिशवी परत नसते द्यायची."

"असं कसं? आणि रिकामी तरी कशी देऊ गं?"

"मॅडम, ते खाली ठेवा, तुम्ही देतानाचा फोटो हवाय," फोटोवाला ओरडला. मी ठेवली. फोटोत फक्त मीच देते आहे.

जुडी घरी आणली. एक कप चहा टाकला. एकटीला तेवढाच लागतो. त्या वासात ओट्याच्या कोपऱ्यातला समोरच्या काकूंचा डबा दिसला. दिवाळीत चकल्या भरून दिला होता. रिकामा कसा द्यायचा, आणि एकटीसाठी मी करते तरी काय, म्हणून राहूनच गेला. संक्रांतीनंतर काकू कायमच्या मुलीकडे गेल्या.

उरलेली पाती मी त्या डब्यात ठेवली आणि त्यांचं नाव कोरलेलं झाकण लावलं.