बबनरावांचा हातगुण

तुळसाबाईंनी सकाळीच तुरीच्या शेंगांची टोपली बबनरावांपुढं आणून ठेवली. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस, पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बसल्या जागची कामं त्यांच्याकडंच यायची. शेंगा सोलता सोलता अर्धे दाणे तोंडात जात होते. तुळसाबाईंना ते दिसत होतं, पण नळाची वेळ झाली म्हणून त्या हंडा घासायला बसल्या. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"शेषरावची मोटर अडली असंन," तुळसाबाई हंडा घासत म्हणाल्या. "जा, लावा हात."

अनसिंग गावात तशी रीतच पडली होती. विहिरीवरची मोटर हटून बसली, पेरणीला पहिली मूठ टाकायची असली, पहिलारू गाय दूध चोरायला लागली, की बोलवा बबनरावांना. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. बबनराव जायचे, मोटरला दोन थापा मारायचे, कुठंतरी तार दाबून धरायचे, आणि मोटर चालायची. ते घरी पोचेस्तोवर ती पुन्हा बंद पडायची, पण त्याचा दोष त्यांच्यावर कधी आला नाही.

दारात शेषराव नव्हता. खांद्याला काळी बॅग अडकवलेली तिशीतली एक बाई उभी होती. मागं रस्त्यावर धुळीनं माखलेली गाडी.

"हवालदार बबनराव इथंच राहतात ना? मी राखी सावळे. पुण्याहून आले, एका कंपनीत इंजिनिअर आहे."

चहा झाला. मग राखीनं बॅगेतून विटेएवढा हिरवा डबा काढला. त्याला दुमडलेली चपटी अँटेना होती. बबनरावांनी तो लगेच ओळखला आणि हात मागं घेतले.

"हा रेडिओ-सेट थेट फौजेच्या उपग्रहाशी बोलतो, काकाजी. टॉवर नाही, तार नाही. बर्फातल्या चौकीवरून सरळ खाली मुख्यालयात. आमच्या प्रयोगशाळेत उत्तम चालतो. आता वर बर्फातली चाचणी उरली. ती पार पडली तर सेट सगळ्या चौक्यांवर जाईल. नाहीतर हाही नमुना कपाटात. आधीचे दोन तिथंच पडलेत." बोलताना तिनं डोळे चोळले. प्रवासाचा शीण होता, आणि त्याहून जुनाही काही.

"मंग माह्याकडं काहून आल्या?"

"तुमच्या जुन्या साहेबांनी नाव सांगितलं. म्हणाले, सेट बबनरावांच्या हातात द्या, चालतोच. निवृत्त माणूस चाचणीला घ्यायची परवानगीही मिळाली आहे."

तुळसाबाई हंडा सोडून पुढं आल्या. "आमचा पोरगा लखन तिकडंच हाये बाई, बर्फात. हा डबा वर गेला तं त्याच्याशी बोलता येईन का?"

"घरच्यांशी नाही, काकू. पण तो कुठं अडकला, तर खाली लगेच कळेल."

"तेवढं कळलं तरी लय झालं." त्या नवऱ्याकडं वळल्या. "अवो, जा ना. गुडघ्याले तेल चोळून देतो मी."

बबनरावांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. हे असे डबे त्यांच्या बर्फातल्या चौकीवर नोकरीभर येतच राहिले होते. डब्यासोबत खालून माणसं यायची. धापा टाकत, ओठ निळे पडलेली. एवढ्या दुरून आलेला पाहुणा मान खाली घालून जाऊ नये, असं बबनरावांना वाटायचं. म्हणून ते सेटची बॅटरी रात्रभर आपल्या पोटाशी धरून निजायचे, गारठून मरू नये म्हणून. सकाळी हातमोजा काढून बटण हळूच दाबून धरायचे. अँटेना केसभर इकडं, केसभर तिकडं करत आभाळात रोखायचे. सेट बोलायचा. पाहुणे टाळ्या वाजवायचे, पेढे वाटून उतरायचे. यात काही लबाडी आहे, हे त्यांच्या मनातही आलं नाही. अडेल बैलाला चुचकारावं, तसं ते चुचकारायचे.

त्यातला एक सेट पास होऊन खरंच सगळ्या चौक्यांवर गेला. बबनराव तेव्हा सुट्टीवर घरी होते, आणि वर त्यांचा सोबती किसनसिंग होता. वादळ सुटलं तेव्हा त्यानं सेट काढला. बॅटरी रात्रभर उघड्यावर होती. मोजे घातलेल्या बोटांनी बटण दबेना, म्हणून त्यानं मोजे काढले. सेट मुकाच राहिला. माणसं कशीबशी जिवंत उतरली, किसनसिंगची बोटं मात्र गेली. बबनराव दवाखान्यात भेटायला गेले, तर त्यानं पट्ट्यांचा हात वर करून हसत म्हटलं, "यार, तेरे हाथ में तो बोलता था." त्यात राग नव्हता. राग असता तर बबनरावांना बरं वाटलं असतं.

सेट परत गेले. पुढं नवे आले, आणि हुकूम आला, बबनराव को बुलाओ. तेव्हाही ते गेलेच.

हे सगळं त्यांनी राखीला अडखळत, थांबत सांगितलं. तुळसाबाईंनीही ते पहिल्यांदाच ऐकलं.

राखीनं डबा स्वतःकडं ओढला. "म्हणजे तुम्ही हात लावला, तर हा पास होईल?"

"होईन ना. त्याचंच तं भेव हाये."

"आणि नापास झाला तर आमचं सगळं काम थांबेल, काकाजी. लग्न झाल्यापासून मी हेच करतेय."

"दिसून राह्यलं मले ते."

"लेक एवढ्या दुरून आली," तुळसाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तिले तसंच परत धाडता का? अन् लखनचं काय?"

"लखनचंच बोलून राह्यलो ना मी. उद्या हा त्याच्या हातात जाईन. तिथं त्याचा बाप नसते."

तुळसाबाईंनी पदर तोंडाशी धरला. बाहेर नळाला पाणी येऊन वाहून चाललं होतं, पण कुणी उठलं नाही. बबनराव भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले. गुडघ्यात कळ आली.

"मी येतो, बाई. वर चढवसान तं चढतो बी. फक्त एक करा. सेट माह्या हातात देऊ नका. वर नवा आलेला एखादा जवान घ्या, त्याले काहीच शिकवू नका, अन् मोजे न काढता त्यालेच तो चालवू द्या."