वायरीचं मशीन

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी पस्तीस वर्षं जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. शंभर मागांच्या खडखडाटात कोणता माग कुरकुरतोय ते मी नुसत्या कानाने सांगायचो. ही फुशारकी आहे आणि ती मारायचा मला हक्क आहे.

बायको त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. तिथल्या कापसाच्या धुळीने तिची छाती कायमची नाजूक झाली. घरात झाडू फिरला की तिला धाप लागते. तरी आपलं घर दुसऱ्या कुणी झाडलेलं तिला चालत नाही. म्हणून मुलीने पहिल्या पगारातून बिनवायरीचा व्हॅक्यूम क्लीनर आणला. पहिल्या दिवशी बायकोने सगळं घर झाडलं आणि ती एकदाही खोकली नाही. लेकीचं कौतुक मी गल्लीभर सांगत सुटलो.

मशीन म्हटल्यावर त्याचं चार्जिंग अर्थातच माझ्याकडे आलं. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, ती आहे तोवर काम ओढून घ्यायचं, ही कारखान्यातली सवय. मी ते दिवसरात्र प्लगला लावून ठेवलं, तेही मागच्या पत्र्याच्या खोलीत. सोलापूरच्या मे महिन्यात त्या खोलीतल्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. बॅटरी फार तापते, असं बायको एकदा म्हणालीही. मशीनचं मला शिकवू नकोस, म्हणून मी तिला गप्प केलं.

दोन वर्षांत बॅटरी बसली. आधी दोन खोल्या व्हायच्या, मग एक, मग दारापर्यंतही पोचेना. बायकोने निमूटपणे झाडू उचलला आणि तिची धाप परत सुरू झाली. मी कंपनीला शिव्या मोजल्या. तुला फसवलं, असं लेकीलाही फोनवर ऐकवलं. दुरुस्तीवाल्याने फुगलेली बॅटरी हातात घेतली आणि ती कुठे, कशी चार्ज करत होतो ते विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. नवी बॅटरी मशीनच्या निम्म्या किमतीला पडणार होती. नीट जपली तरी काही वर्षांनी ती पुन्हा घ्यावीच लागेल, असंही तो म्हणाला.

घरी येऊन मी बायकोसमोर बसलो. "चूक माझी हाय. तू सांगितलं व्हतंस," मी म्हणालो. एवढं मी कधी मालकापुढेही कबूल केलं नव्हतं. मग लेकीला फोन करून तिच्याकडेही कबुली दिली.

बायको म्हणाली, "वायरीचं घिऊ की. जन्म वायरीच्या मशीनवर काढला म्या. बॅटरीचे लाड कोण करणार?"

मला तिचा फार अभिमान वाटला.

आता रोज सकाळी ती नवं मशीन घेऊन पुढे चालते आणि मी मागून वायर सोडवत जातो. जॉबर वायर धरायला लागला, असं शेजारी चिडवतात. धरतो की. त्या मशीनच्या घरघरीतही माझे कान तिच्या श्वासावर असतात. शेवटच्या खोलीपर्यंत तो सुरळीत चालतो.